चष्म्याच्या चिठ्ठीतला सिलिंडर आणि ॲक्सिस : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डोळे तपासले की हातात एक चिठ्ठी येते आणि सोबत एक वाक्य: 'तुम्हाला सिलिंडर नंबर आहे.' तो आजार आहे का, वाढेल का, चष्मा लावूनही फरशी तिरकी का दिसते, हे विचारायचं राहून जातं. नागपूर आणि आसपासच्या गावांतून येणारे रुग्ण आणि मुलांचे पालक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत.

सिलिंडर नंबर म्हणजे नेमकं काय?

डोळ्याच्या काळ्या भागावर एक पारदर्शक पडदा असतो, तो कॉर्निया. डोळ्याची प्रकाश वळवण्याची एकूण ताकद साधारण ६० डायॉप्टर (भिंगाची ताकद मोजायचं एकक) असते आणि त्यातली ४३ च्या आसपास एकट्या कॉर्नियाची. म्हणून त्याच्या आकारातला बारीकसा फरकही नजरेत उतरतो.

कॉर्नियाची गोलाई सगळ्या दिशांना सारखी असेल तर प्रकाश एका बिंदूवर एकत्र येतो. पण चमच्याच्या पाठीसारखी ती एका दिशेला जास्त आणि तिच्या काटकोनातल्या दिशेला कमी असेल, तर एकाच वस्तूच्या आडव्या आणि उभ्या रेषा वेगवेगळ्या अंतरावर स्पष्ट होतात. याला ॲस्टिगमॅटिझम म्हणतात, मराठी पुस्तकांत दृष्टिवैषम्य. थोडा वाटा डोळ्यातल्या नैसर्गिक भिंगाचाही असतो. हा दोष दुरुस्त करायला फक्त एकाच दिशेला ताकद असलेलं भिंग लागतं आणि त्या भिंगाचा आकार सिलिंडरच्या कापासारखा असतो, म्हणून 'सिलिंडर नंबर'. थॉमस यंग यांनी १८०१ मध्ये स्वतःच्या डोळ्यातला हा दोष मोजून मांडला. खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एअरी यांनी १८२० च्या दशकात स्वतःच्या डोळ्यासाठी असं भिंग बनवून घेतलं.

थोडाफार सिलिंडर बहुतेक डोळ्यांत असतो. ही आकाराची ठेवण आहे, आजार नाही. आजाराची शंका कधी घ्यायची, ते पुढे सविस्तर आहे.

मला सिलिंडर असेल तर कसं जाणवेल?

अक्षराला सावली असल्यासारखं दिसतं. रात्री वर्धा रोडवर समोरच्या गाडीचे दिवे गोल न दिसता एका दिशेला ओढल्यासारखे, रेघारेघांचे दिसतात. मेट्रो स्टेशनवरच्या पाट्या वाचताना डोळे बारीक करावे लागतात. संध्याकाळपर्यंत कपाळ आणि भुवया दुखतात, विशेषतः दिवसभर कॉम्प्युटरवर काम असेल तर.

देवनागरी वाचणाऱ्याला एक खूण लवकर सापडते. लघुदृष्टीचा, म्हणजे उणे नंबराचा, सिलिंडर १८० च्या आसपासच्या ॲक्सिसवर (भिंग बसवायच्या कोनावर) असेल तर आडव्या रेषा पुसट होतात. शिरोरेषा फराटल्यासारखी दिसते, पण काना आणि अक्षरांचे उभे दांडे ठीक दिसतात. ॲक्सिस ९० च्या जवळ असेल तर उलट घडतं. अशा पुसटपणामुळे 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म', 'ष' आणि 'प' यांत गफलत होते. मूल फळ्यावरचं चुकीचं उतरवून आणत असेल तर आळस म्हणून रागावण्याआधी डोळे तपासा.

चिठ्ठीवरचे आकडे कसे वाचायचे?

समजा चिठ्ठीवर असं आहे:

उजवा डोळा : एसपीएच −१.५०, सीवायएल −१.२५, ॲक्सिस १७०
डावा डोळा : एसपीएच −१.००, सीवायएल −०.७५, ॲक्सिस १०
ॲड : +१.५०

ओडी म्हणजे उजवा डोळा, ओएस म्हणजे डावा. काही ठिकाणी आरई आणि एलई लिहितात. एसपीएच हा गोल नंबर, सगळ्या दिशांना सारखा. उणे असेल तर लांबचं पुसट, अधिक असेल तर आधी जवळचं त्रासदायक. सीवायएल म्हणजे सिलिंडरची ताकद. आकडे पाव-पाव डायॉप्टरच्या पायऱ्यांनी जातात: ०.२५, ०.५०, ०.७५. ॲक्सिस म्हणजे ते भिंग कोणत्या कोनात बसवायचं, १ ते १८० अंशांत. ॲड हा चाळिशीनंतर जवळच्या वाचनासाठी लांबच्या नंबरावर मिळवायचा आकडा. पीडी म्हणजे दोन बाहुल्यांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये, मोठ्या माणसांत बहुधा ५८ ते ६८.

वरच्या उजव्या डोळ्याला १७० अंशांच्या दिशेने −१.५० लागतात आणि तिच्या काटकोनात, ८० अंशांवर, −१.५० व −१.२५ मिळून −२.७५ लागतात. म्हणजे 'नंबर दीड आहे' हे अर्धंच उत्तर झालं. सीवायएलच्या रकान्यात रेघ असेल किंवा डीएस लिहिलं असेल तर सिलिंडर नाही आणि ॲक्सिसही नसणार. सीवायएल लिहिलं आहे पण ॲक्सिस नाही, अशी चिठ्ठी अपुरी. ती घेऊन दुकानात जाऊ नका, डॉक्टरांकडून पूर्ण करून घ्या.

अंशाची छोटी गोल खूण जाणकार मुद्दाम लिहीत नाहीत. घाईत ती शून्यासारखी वाचली जाते आणि १८ चे १८० होतात.

ॲक्सिसला एवढं महत्त्व का? पाच-दहा अंशांनी काय बिघडतं?

बरंच बिघडतं, आणि सर्वात कमी लक्ष नेमकं याच आकड्याकडे दिलं जातं. नंबर पावाने चुकला तर रुग्ण तक्रार करतो. ॲक्सिस चुकला तर 'होईल सवय' म्हणून महिनोन्‌महिने तोच चष्मा ओढतो.

सिलिंडर भिंग तिरकं बसलं की जुना दोष पूर्ण जात नाही आणि वेगळ्या कोनावर एक नवा दोष तयार होतो. दोन्ही मिळून किती उरतं याचा हिशोब ठरलेला आहे. सिलिंडर २.०० असेल आणि भिंग ५ अंशांनी फिरलं तर साधारण ०.३५ उरतो. १० अंशांनी फिरलं तर सुमारे ०.७०. ३० अंशांनी फिरलं तर पूर्ण २.०० उरतो, म्हणजे सिलिंडर घातलाच नसता तरी तेवढंच. आणि ९० अंशांनी चुकलं तर दोष दुप्पट होतो, ४.०० चा. सिलिंडर ०.५० चाच असेल तर १० अंशांच्या चुकीने उरतो तो ०.१७, बहुतेकांना कळतही नाही. म्हणून सिलिंडर जितका मोठा, तितका ॲक्सिस काटेकोर हवा. दीडच्या वर सिलिंडर असणाऱ्यांनी दोन-तीन अंशांचाही आग्रह धरावा.

कोन मोजण्याची रीत दोन्ही डोळ्यांसाठी एकच आहे. रुग्णाच्या समोर बसलेल्या तपासनिसाच्या उजव्या हाताला शून्य, तिथून घड्याळाच्या उलट दिशेने मोजायचं. आडवी रेष १८०, उभी ९०. माणसाचा चेहरा दोन्ही बाजूंनी सारखा असल्यामुळे पुष्कळांचे दोन ॲक्सिस एकमेकांचे आरसे असतात, वरच्या उदाहरणातल्या १७० आणि १० सारखे. तसे नसले म्हणजे चूकच असं नाही, पण मोठ्या सिलिंडरमध्ये दोन्ही डोळ्यांना एकसारखा तिरका ॲक्सिस आला, तर पुन्हा मोजायला सांगणं रास्त आहे.

एका डॉक्टरांनी सिलिंडर उणे लिहिला, दुसऱ्यांनी अधिक. कोण बरोबर?

बहुतेक वेळा दोघंही. एकच भिंग दोन प्रकारे लिहिता येतं. बदलण्याची कृती अशी:

१. एसपीएच आणि सीवायएल चिन्हांसह मिळवा. तो नवा एसपीएच.
२. सीवायएलचा आकडा तोच ठेवून चिन्ह उलटं करा.
३. ॲक्सिस ९० किंवा त्याहून कमी असेल तर ९० मिळवा, जास्त असेल तर ९० वजा करा.

−१.५० / −१.२५ / १७० हे या रीतीने −२.७५ / +१.२५ / ८० होतं. दोन्हींतून तयार होणारं भिंग एकच. +१.०० / −२.०० / ३० हे −१.०० / +२.०० / १२० होतं. यात एसपीएचचंच चिन्ह उलटलं, म्हणून लोक घाबरतात, पण भिंग बदललेलं नाही.

घोटाळा होतो तो अर्धवट बदलामुळे. कुणी चिन्ह उलटं करतं आणि ॲक्सिस तसाच ठेवतं, किंवा ॲक्सिस बदलून एसपीएच विसरतं. जुना आणि नवा नंबर फार वेगळा वाटला तर आधी ही तीन पायऱ्यांची कृती करून पाहा. पुष्कळदा नंबर 'वाढलेला' नसतोच.

मशीनवर नंबर काढला. त्याच चिठ्ठीवर चष्मा बनवावा का?

नाही. ऑटोरिफ्रॅक्टोमीटरची पावती ही तपासणीची सुरुवात आहे. मशीनमध्ये डोकावताना डोळा जवळ पाहिल्यासारखा ताण घेतो, त्यामुळे उणे नंबर जास्त येतो, तरुणांत आणि मुलांत तर हमखास. हनुवटी नीट टेकवली नाही, मान जराशी कलली, की ॲक्सिस तेवढाच सरकतो. यानंतर रेटिनोस्कोपी (डोळ्यात प्रकाश टाकून नंबर काढणं) आणि ट्रायल फ्रेममध्ये भिंगं घालून पडताळणी व्हायला हवी.

सिलिंडर पडताळण्यासाठी जॅक्सन क्रॉस सिलिंडर नावाचं दांडी असलेलं छोटं भिंग वापरतात. तपासनीस ते पालटून 'हे बरं की ते?' असं विचारतो. आधी ॲक्सिस ठरवतात, मग ताकद. दोन्ही सारखेच पुसट दिसले तर तसंच सांगा, तेच उत्तर त्यांना हवं असतं. उत्तर बरोबर द्यायचं म्हणून अंदाज केलात तर नंबर चुकतो.

कधी कधी तपासणीत खोटा सिलिंडर येतो का?

येतो, आणि नागपूरच्या उन्हाळ्यात जास्त. कॉर्नियावर अश्रूंचा पातळ थर असतो. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीच्या आसपास असताना, रात्रभर कूलरचा झोत तोंडावर घेऊन झोपल्यावर किंवा दुचाकीवरून उन्हात आल्यावर हा थर तुटक होतो. मशीन कॉर्नियाऐवजी त्या तुटक थराचा आकार मोजतं आणि पाच मिनिटांच्या अंतराने वेगळा सिलिंडर, वेगळा ॲक्सिस दाखवतं. पापण्या दोन-चारदा मिटल्यावर स्पष्ट दिसतं आणि पुन्हा पुसट होतं, अशी तक्रार असेल तर आधी कोरडेपणावर उपचार, मग चष्मा. झोपताना कूलरची दिशा पायांकडे ठेवा.

याशिवाय पापणीत गाठ असेल तर ती कॉर्निया दाबते आणि सिलिंडर निर्माण करते. गाठ गेल्यावर तो बराचसा जातो, म्हणून तेवढ्या दिवसांत चष्मा करू नये. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांचा कॉर्निया लेन्सच्या आकाराला जुळवून घेतो. मऊ लेन्स एक आठवडा, मऊ टोरिक (सिलिंडर असलेली) साधारण दोन आणि कडक लेन्स तीन आठवडे किंवा त्याहून जास्त बंद ठेवल्याशिवाय मोजमाप खरं येत नाही. मधुमेहात साखर बरीच वर-खाली होत असेल तर मुख्यतः गोल नंबर बदलतो, तरी साखर काही आठवडे स्थिर झाल्यावरच चष्मा बनवावा.

०.२५ किंवा ०.५० सिलिंडरसाठी चष्मा लागतोच का?

०.२५ सहसा सोडून देतात. ०.५० साठी त्रास आहे का ते बघायचं: डोकेदुखी नसेल, दोन्ही डोळ्यांनी ६/६, म्हणजे सामान्य नजरेइतकं, दिसत असेल, तर नको. दिवसभर स्क्रीनवर काम असेल किंवा ॲक्सिस तिरका असेल तर तोच अर्धा नंबर आराम देतो.

नवीन चष्म्याने फरशी वर आल्यासारखी, दार तिरकं का वाटतं?

सिलिंडर भिंग एका दिशेला प्रतिमा थोडी मोठी किंवा लहान करतं आणि चौकोन किंचित कलतात. डोळ्याचा दोष दुरुस्त झाला, पण मेंदूला अनेक वर्षांच्या वाकड्या चित्राची सवय असते. पहिल्यांदाच सिलिंडर मिळालेल्या मोठ्या माणसाला, त्यातही ३० ते ६० किंवा १२० ते १५० या तिरक्या ॲक्सिसवर, हे जास्त जाणवतं. सलग घातला तर एक-दोन आठवड्यांत सवय होते. अधूनमधून घातला तर होतच नाही. त्या दिवसांत जिना उतरताना कठडा धरा आणि पहिले दोन दिवस गाडी चालवू नका.

अनुभवी तपासनीस मोठ्यांना एकदम पूर्ण सिलिंडर देत नाहीत. थोडा कमी देतात आणि जितका कमी केला त्याच्या निम्मा गोल नंबरात मिळवतात, म्हणजे सिलिंडर −२.०० चा −१.५० केला तर एसपीएच पावाने जास्त उणे. मुलांत मात्र पूर्ण सिलिंडर द्यायचा, ती पटकन जुळवून घेतात.

दोन आठवड्यांनंतरही त्रास असेल तर सवयीची वाट पाहणं थांबवा आणि चष्मा तपासून घ्या.

चष्मा चिठ्ठीप्रमाणे बनला आहे हे कसं ओळखायचं?

सिलिंडर आहे की नाही एवढं घरीही कळतं. चष्मा हातभर अंतरावर धरून एका काचेतून दाराच्या उभ्या चौकटीकडे पाहा आणि चष्मा तसाच घड्याळाच्या काट्याच्या दिशेने, मग उलट फिरवा. काचेतली चौकट बाहेरच्या चौकटीपासून तुटून कात्रीसारखी हलली तर सिलिंडर आहे. नुसत्या गोल नंबरात ती तुटत नाही.

किती आणि कोणत्या ॲक्सिसवर, हे मात्र काचेचा नंबर मोजणाऱ्या लेन्सोमीटरवरच कळतं. बर्डी, धरमपेठ, सदर किंवा इतवारीतल्या कोणत्याही चांगल्या दुकानात ते असतं आणि तपासायला दोन मिनिटं पुरतात. चष्मा ताब्यात घेताना तिथेच दोन्ही काचा चिठ्ठीशी ताडून द्यायला सांगा, संकोच करू नका. चुका ठरावीक असतात: डावी-उजवी काच अदलाबदल, १० च्या जागी १००, अर्धवट बदललेलं चिन्ह, पीडी न मोजता अंदाजे धरलेली.

काच बरोबर असूनही चष्मा बिघडतो. अगदी गोल फ्रेममध्ये काच हळूहळू फिरते आणि ॲक्सिस आपोआप सरकतो. दीडच्या वर सिलिंडर असेल तर पूर्ण गोल फ्रेम टाळलेली बरी. घ्यायचीच असेल तर काच घट्ट बसवलेली आहे ना ते दर दोन-तीन महिन्यांनी बघा. एका हाताने ओढून चष्मा काढल्याने दांडी वाकते, चष्मा नाकावर तिरका बसतो आणि दोन्ही ॲक्सिस एकदम चुकतात. चष्मा दोन्ही हातांनी काढा. उन्हात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर तो ठेवू नका: प्लॅस्टिकची काच तापून जितकी फुगते तितका वरचा कोटिंगचा थर फुगत नाही, त्यामुळे थराला बारीक तडे जातात आणि ते दुरुस्त होत नाहीत.

लहान मुलाला सिलिंडर निघाला. चष्मा टाळता येईल का?

जास्त सिलिंडर असेल तर टाळू नका. जन्मापासून एका दिशेच्या रेषा पुसट पाहिलेल्या मेंदूला त्या दिशेची स्पष्ट नजर शिकायलाच मिळत नाही. मग पुढे कितीही चांगला चष्मा दिला तरी नजर ६/६ होत नाही. हा आळशी डोळा, ॲम्ब्लिओपिया. उपचाराचा सर्वात चांगला काळ सात-आठ वर्षांपर्यंतचा. एकाच डोळ्यात सिलिंडर असेल तर मूल तक्रार करत नाही, कारण दुसऱ्या डोळ्याने त्याचं सगळं निभतं. म्हणून तीन-चार वर्षांचं झालं की एकेक डोळा झाकून तपासणी करून घ्या, तक्रार असो वा नसो.

मुलांचा नंबर डोळ्यांत औषध घालून काढतात, म्हणजे डोळ्याचा ताण सुटतो आणि खरा आकडा मिळतो. मोठ्या मुलांना सायक्लोपेंटोलेटचे थेंब, लहानांना बहुधा ॲट्रोपिन मलम, तपासणीआधी तीन दिवस दिवसातून दोनदा. मलम तांदळाच्या दाण्याएवढंच घ्यायचं, खालच्या पापणीच्या आत लावायचं आणि नाकाजवळचा कोपरा बोटाने एक-दोन मिनिटं दाबून धरायचा, म्हणजे औषध घशात उतरत नाही. उरलेलं पुसा, आपले आणि मुलाचे हात धुवा. ॲट्रोपिनने घाम कमी येतो. उन्हाळ्यात हे लक्षात ठेवा: चेहरा लाल झाला, अंग तापलं, तोंड कोरडं पडलं किंवा मूल भ्रमिष्टासारखं करू लागलं तर मलम बंद करून लगेच डॉक्टरांना गाठा. बाहुली दोन आठवड्यांपर्यंत मोठी राहू शकते, तेवढे दिवस टोपी आणि गॉगल. त्यानंतर पुन्हा बोलावतात ती पीएमटी तपासणी. अंतिम चष्मा तिच्यानंतर ठरतो, ती चुकवू नका.

शाळकरी मुलांना राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमातून मोफत चष्मे मिळतात. शाळेत तपासणीचं पथक आलं की विचारून घ्या.

सिलिंडर दर सहा महिन्यांनी वाढतो आहे. काळजीचं आहे का?

हो. गोल नंबर शाळेच्या वयात वाढणं नेहमीचं आहे. सिलिंडर मात्र वर्षानुवर्षं जवळपास तोच राहतो. तो भराभर वाढत असेल, ॲक्सिस दर वेळी वेगळा येत असेल आणि नवीन चष्म्यानेही ६/६ होत नसेल, तर केरॅटोकोनस आहे का हे तपासलंच पाहिजे. यात कॉर्निया पातळ होत जाऊन शंकूसारखा पुढे येतो. साधारण किशोरवयात सुरू होतो आणि तिशी-पस्तिशीपर्यंत वाढू शकतो, पुष्कळदा एका डोळ्यात आधी.

डोळे चोळण्याशी याचा जवळचा संबंध आहे. नागपूरसारख्या कोरड्या, धुळीच्या उन्हाळ्यात पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांना, त्यातही मुलग्यांना, डोळ्यांची ॲलर्जी फार होते: प्रचंड खाज, तारेसारखा चिकट स्राव, उजेड सहन न होणं. मूल मुठीने डोळे रगडत राहतं आणि हीच सवय कॉर्नियाला घातक ठरते. स्वच्छ कापडात थंड पाणी घेऊन मिटलेल्या डोळ्यांवर पाच-दहा मिनिटं ठेवा, बाहेरून आल्यावर चेहरा धुवा, आणि खाज कमी करणारे थेंब डॉक्टरांकडून लिहून घ्या. मेडिकल स्टोअरमधून स्वतःच्या मनाने थेंब आणू नका. लगेच आराम देणाऱ्या थेंबांत पुष्कळदा स्टेरॉइड असतं. ते महिनोन्‌महिने घातलं तर डोळ्याचा दाब वाढून काचबिंदू होतो, मोतीबिंदूही होतो, आणि काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही.

निदान कॉर्नियल टोपोग्राफीने होतं. कॉर्नियाच्या उंचसखल भागांचा रंगीत नकाशा निघतो आणि जाडी मोजतात. सर्वसाधारण जाडी मध्यभागी ५४० मायक्रॉनच्या आसपास. आजार वाढताना दिसला तर सीथ्रीआर, म्हणजे क्रॉसलिंकिंग करतात. मूळ पद्धतीत वरची त्वचा काढून अर्धा तास रायबोफ्लेविनचे थेंब घालतात, मग अर्धा तास अतिनील प्रकाश देतात. त्यासाठी कॉर्निया ४०० मायक्रॉन तरी जाड लागतो. नंतर दोन-तीन दिवस दुखतं, नजर काही आठवडे धूसर राहते. यामुळे आजार थांबतो, असलेला सिलिंडर जात नाही. त्यासाठी पुढे चष्मा किंवा कडक लेन्स लागतेच. उशीर करून कॉर्निया फार पातळ झाला तर हा उपायही हातातून जातो.

डोळ्यात वेल वाढली आहे. तिच्यामुळे सिलिंडर येतो का?

येतो. नाकाच्या बाजूने बुबुळावर सरकणारा मांसल पडदा, टेरिजियम, कॉर्नियाला आडव्या दिशेने सपाट करतो. ऊन, वारा, धुळीत काम करणाऱ्या शेतकरी आणि बांधकाम मजुरांत हा जास्त दिसतो. सिलिंडर वाढत असेल किंवा वेल बाहुलीकडे सरकत असेल तर शस्त्रक्रिया करतात. चष्मा तिच्यानंतर आकार स्थिर झाल्यावर.

सिलिंडरसाठी कॉन्टॅक्ट लेन्स मिळते का?

मिळते, तिला टोरिक म्हणतात. तयार मऊ लेन्समध्ये सिलिंडर बहुधा −०.७५, −१.२५, −१.७५, −२.२५ असेच मिळतात आणि ॲक्सिस १० अंशांच्या पायऱ्यांनी. त्यामुळे चष्म्याइतकी नेमकी जुळणी दर वेळी होत नाही. लेन्सवर खूण असते. डोळ्यात बसल्यावर ती कुठे थांबते हे पाहून ॲक्सिस ठरवतात, म्हणून डोळ्यात घालून तपासल्याशिवाय ऑनलाइन मागवू नका.

चष्म्याचा आकडा जसाच्या तसा चालत नाही. नंबर ४ च्या वर असला की काच आणि डोळा यांतल्या अंतराचा हिशोब करावा लागतो. −५.०० / −२.०० चष्म्यासाठी लेन्स साधारण −४.७५ / −१.७५ निघते.

लेझरने जातो का?

लॅसिक, पीआरके, स्माईल या तिन्हींनी नियमित सिलिंडर काढता येतो. वय १८ पूर्ण, वर्षभरात नंबर अर्ध्याहून जास्त बदललेला नाही, कॉर्नियाची जाडी पुरेशी, आणि टोपोग्राफीत केरॅटोकोनसचा संशयही नाही, या अटी आहेत. शेवटची सर्वात कडक. कमकुवत कॉर्नियावर लेझर केलं तर तो आणखी फुगतो. टोपोग्राफी न करता तारीख देणाऱ्याकडे करून घेऊ नका.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये सिलिंडरचं काय होतं?

ऑपरेशनआधी बायोमेट्री, म्हणजे डोळ्याची मोजमापं, करतात. तिच्यात कॉर्नियाच्या दोन दिशांच्या ताकदीचे केवन आणि केटू असे दोन आकडे असतात. ४३.५० आणि ४५.०० असतील तर कॉर्नियाचा सिलिंडर १.५० चा. हा चष्म्यातल्या सिलिंडरपेक्षा वेगळा असू शकतो, कारण चष्म्यात नैसर्गिक भिंगाचाही वाटा धरलेला असतो आणि ते भिंग तर निघणार असतं. म्हणून आतल्या भिंगाचा निर्णय या दोन आकड्यांवर घ्यायचा.

साधं भिंग बसवलं तर कॉर्नियाचा सिलिंडर तसाच राहतो आणि लांबचं पाहायलाही चष्मा लागतो. कॉर्नियाचा सिलिंडर एकच्या आसपास किंवा वर असेल तर टोरिक भिंगाचा विचार करावा. ते भिंग डोळ्यात फिरलं तर प्रत्येक अंशाला परिणाम सुमारे ३.३ टक्के घटतो. आडवं झोपल्यावर डोळा स्वतःच काही अंश फिरतो, त्यामुळे ॲक्सिसची खूण रुग्णाला बसवून करतात. भिंग फिरलंच तर पहिल्या काही आठवड्यांत परत जागेवर आणता येतं. टोरिक एकनंबरी भिंगानंतरही वाचायला चष्मा लागतो, हे आधीच समजून घ्या.

कापाचाही परिणाम होतो. फेकोमध्ये (अल्ट्रासाउंडने मोतीबिंदू फोडून काढण्याच्या पद्धतीत) तो २.२ ते २.८ मिलिमीटर, लहान छेदाच्या बिनटाक्यांच्या पद्धतीत साधारण ६ मिलिमीटर किंवा थोडा जास्त. जिथे काप, त्या दिशेला कॉर्निया सपाट होतो. वयस्कर माणसांत ॲक्सिस ९० कडे झुकलेला असतो, अशा डोळ्यात कानाकडच्या बाजूने घेतलेला काप सिलिंडर थोडा कमी करतो आणि वरून घेतलेला वाढवतो. चष्म्याचा पक्का नंबर फेकोनंतर साधारण चार आठवड्यांनी, मोठ्या छेदानंतर सहा आठवड्यांनी काढतात.

व्यायाम, गाजर, त्राटक, तूप यांनी सिलिंडर कमी होतो का?

नाही. कॉर्नियाचा आकार यांनी बदलत नाही. चष्मा न लावल्याने तो कमी होत नाही आणि लावल्याने वाढतही नाही.

नागपुरात तपासणी कुठे करावी आणि जाताना काय न्यावं?

मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय), मेयो (इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय) आणि मिहानमधलं एम्स या तिन्ही ठिकाणी नेत्र विभाग आहे. सरकारी रुग्णालयात बाह्यरुग्ण विभाग सकाळी चालतो, केसपेपरसाठी लवकर पोहोचा. खाजगीत जात असाल तर टोपोग्राफी तिथेच होते का हे फोनवर विचारून घ्या.

सोबत वापरातला चष्मा आणि मिळतील तेवढ्या जुन्या चिठ्ठ्या न्या, मशीनच्या पावत्याही. सिलिंडर आणि ॲक्सिस वर्षागणिक कसे बदलले हे त्यांवरूनच कळतं. त्या पावत्यांची शाई काही महिन्यांत उडते, म्हणून आल्या दिवशी फोटो काढून ठेवा. बाहुली मोठी करणारे थेंब घातले तर चार-सहा तास जवळचं पुसट दिसतं आणि ऊन डोळ्यांत घुसतं. गाडी स्वतः चालवत जाऊ नका, गॉगल बरोबर ठेवा.